एका मिलिसेकंदाला शंभर किलोमीटर

गिरगावातून लालबागला जायचे आहे असे समजा. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर चर्नी रोड स्थानकापासून लालबागचा नाका पाच किलोमीटरच्या आतच भरतो. आता हाच प्रवास लोकलने करून पाहा. चर्नी रोडला पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची, लालबाग उजव्या हाताला मागे टाकून थेट दादर गाठायचे, पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर यायचे आणि उलट दिशेच्या गाडीने परळवरून करी रोडला उतरायचे. हा प्रवास अकराएक किलोमीटरचा होतो, म्हणजे सरळ अंतराच्या दुपटीहून अधिक! प्रभादेवीला उतरून पुलावरून परळला गेले तर अंतर वाचते. पण प्रभादेवीला जलद गाडी थांबत नाही. बेस्टची बस त्यातल्या त्यात सरळ जाते, पण रस्त्यावरची गर्दी कोणाला चुकली आहे?

मग लालबाग गिरगावापासून किती लांब? मार्ग ठरल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. इंटरनेटवरही असेच असते, आणि ते मला लालबागलाच नव्याने कळले.

माझी एक माजी विद्यार्थिनी तेथे एका चाळीत राहते. एका शिष्यवृत्तीसाठी तिची मुलाखत संगणकावरून झाली. परीक्षक पुण्यात बसलेले. मुलाखत संपल्यावर तिने मला फोन केला. म्हणाली, "सर, ते बोलत असताना मी सारखी मध्येच बोलत होते असे त्यांना वाटले. पण मी तर ते थांबल्यावरच बोलत होते." दोनदा त्यांनी तिला, "आधी प्रश्न पूर्ण ऐकून घ्या," असे सुनावले होते. मुलगी अतिशय शांत स्वभावाची. मला हे पटेना. गणपतीच्या दिवसांत त्यांच्या घरी गेलो तेव्हा संगणक पाहिला. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसे कुलूप दिसत होते आणि त्याखाली लिहिले होते 'न्यूयॉर्क'.

ते कुलूप व्ही.पी.एन.चे होते. धाकट्या भावाने ते खेळांसाठी बसविले होते आणि संगणक सुरू होताच ते आपोआप जोडले जात असे. "न्यूयॉर्कच का रे?" म्हणून विचारले तर म्हणाला, "अमेरिकेचा सर्व्हर सगळ्यांत फास्ट असतो, सर." त्याने लगेच वेग मोजूनही दाखविला. आकडा खरोखरच मोठा होता.

येथेच पहिली गफलत आहे. चाळीतल्या नळाचे उदाहरण घ्या. नळ जाड असेल तर बादली लवकर भरते. पण टाकीपासून नळापर्यंतची नळी पाच मीटर आहे की पाचशे, यावर टाकीतून रिकाम्या नळीत पाणी सोडल्यानंतर पहिला थेंब किती वेळाने पडेल हे ठरते. भावाने मोजली ती नळाची जाडी. चित्रपट उतरवून घ्यायला जाडी उपयोगी. बोलण्याला मात्र पहिला थेंब केव्हा पोहोचतो हे महत्त्वाचे.

व्ही.पी.एन. म्हणजे नेमके काय ते थोडक्यात पाहू. एरवी तुमच्या संगणकातून निघालेले माहितीचे प्रत्येक पॅकेट तुमच्या इंटरनेट कंपनीमार्फत थेट ठरलेल्या पत्त्याकडे जाते. व्ही.पी.एन. लावले की ते पॅकेट आधी एका दुसऱ्या, कुलूपबंद लिफाफ्यात घातले जाते. त्या लिफाफ्यावर पत्ता असतो व्ही.पी.एन.च्या सर्व्हरचा. तो सर्व्हर लिफाफा उघडतो, आतले पॅकेट काढतो आणि स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवितो. उत्तर येते तेही आधी त्याच्याकडे आणि मग तुमच्याकडे. इंटरनेट कंपनीला आतला मजकूर व अंतिम पत्ता दिसत नाही. ज्याला पॅकेट मिळते त्याला तुमचा पत्ता दिसत नाही. ही सोय फुकट मिळत नाही. वाट वाकडी होते, आणि किती वाकडी ते तुम्ही निवडलेल्या गावावर अवलंबून असते.

आता थोडे भौतिकशास्त्र. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो. काचेच्या ज्या तंतूंतून इंटरनेटचा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने धावतो, त्यांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो. तीन लाखांना १.४७ ने भागा. साधारण दोन लाख येतात. सेकंदाला दोन लाख किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाला, सेकंदाच्या हजाराव्या भागाला, दोनशे किलोमीटर. संगणकावरील 'पिंग' ही आज्ञा जाण्यायेण्याचा मिळून वेळ सांगते. तेव्हा पिंगच्या प्रत्येक मिलिसेकंदामागे एकेरी अंतर जास्तीत जास्त शंभर किलोमीटर. हा आकडा पाठ करून ठेवा; पुढे सर्वत्र लागणार आहे.

मुंबईहून न्यूयॉर्क पृथ्वीच्या गोलावर अगदी जवळच्या वाटेने साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे जाण्यायेण्याला निदान १२५ मिलिसेकंद. समुद्रातल्या केबली अशा सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात साधारण दोनशे लागतात. त्या मुलीचा आवाज लालबागहून न्यूयॉर्कला जाऊन परत पुण्याला येत होता: दोनशे मिलिसेकंद. परीक्षकांचा आवाजही तसाच फिरून तिच्याकडे येत होता: आणखी दोनशे. परीक्षकांचा प्रश्न संपल्यापासून तिचे उत्तर त्यांच्या कानी पडेपर्यंत सेकंदाच्या पाचातले दोन भाग जादा जात होते. माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे थांबणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग एवढीच फट असते. परीक्षकांना वाटे, ही गप्प का? म्हणून ते प्रश्न पुन्हा मांडायला लागत, आणि नेमके त्याच वेळी तिचे उत्तर येऊन त्यांच्या बोलण्यावर आदळे. टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत एकेरी विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा असे सांगितले आहे ते याचसाठी.

तिची निवड झाली नाही. त्याला कारण हेच होते असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण उद्धटपणाचा ठपका मात्र तिच्यावर नाहक आला.

मग न्यूयॉर्क न निवडता काय निवडावे? यासाठी भूमितीतील एक जुनी ओळख उपयोगी पडते. पॅकेटाची वाट दोन तुकड्यांची असते: तुमच्या घरापासून सर्व्हरपर्यंत, आणि सर्व्हरपासून अंतिम पत्त्यापर्यंत. महत्त्व आहे ते या दोहोंच्या बेरजेला. दोन ठरावीक बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम राखणाऱ्या बिंदूंचा मार्ग कोणता? लंबवर्तुळ! नकाशावर एक टाचणी मुंबईत व दुसरी लंडनमध्ये टोचा, त्यांना दोऱ्याची सैलसर माळ अडकवा आणि पेन्सिलीने दोरा ताणून फिरवा. त्या लंबवर्तुळावरचे सर्व सर्व्हर तुम्हाला सारखेच महाग पडतात. दोरा अगदी ताठ केला की लंबवर्तुळ मिटून मुंबई ते लंडन ही रेषाच उरते. म्हणजे लंडनच्या संकेतस्थळासाठी व्ही.पी.एन. मुंबईचे घ्या की लंडनचे, अंतरात फरक पडत नाही. सिंगापूरचे घेतले तर मात्र आधी ३,९०० किलोमीटर पूर्वेला आणि मग तेथून लंडनपर्यंत जवळजवळ ११,००० किलोमीटर पश्चिमेला. सरळ अंतर ७,२०० असताना चालणे दुपटीहून अधिक. 'जवळचा सर्व्हर निवडा' एवढाच सल्ला सर्वत्र देतात. तो अपुरा आहे. सर्व्हर वाटेवर आहे की आडवाटेला, हे पाहायला हवे. (सपाट नकाशावर अंतरे विकृत होतात, शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर दोरा त्यावरच ताणावा.)

हे झाले भूमितीचे लंडन. समुद्रातले लंडन निराळे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तारायंत्राची केबल अंथरली. तेथून तांबड्या समुद्रातून सुएझ आणि पुढे युरोप. त्या काळी खुष्कीच्या मार्गानेही इराणातून तार जात असे, आणि तार कोणत्या मार्गाने धाडायची हे पाठविणाऱ्याला फॉर्मवर लिहिता येई. मार्ग निवडण्याची ही सोय तेव्हाची आहे! आज काचतंतूंच्या केबली आल्या तरी मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बहुतेक केबलींची वाट तीच आहे: अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र. एकाच चिंचोळ्या गल्लीतून इतक्या तारा गेल्या म्हणजे काय होते ते ३० जानेवारी २००८ रोजी दिसले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी ४' आणि 'फ्लॅग' या दोन केबली तुटल्या आणि भारताच्या पश्चिमेकडील वाहतुकीचा मोठा हिस्सा ठप्प झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा केबली तुटल्या, तेव्हाही भारतात इंटरनेट मंदावले.

अशा वेळी पॅकेट मरत नाही, ते उलट्या बाजूने जाते. मुंबईहून सिंगापूर, तेथून पॅसिफिक ओलांडून अमेरिका, मग अटलांटिक ओलांडून लंडन. बेरीज केली तर सत्तावीस हजार किलोमीटरांच्या वर. आपल्या नियमाने जाण्यायेण्याला २७० मिलिसेकंदांहून अधिक! कालपर्यंत लंडनचा सर्व्हर सव्वाशे मिलिसेकंदांवर होता, आज तो दुप्पट लांब गेला. पृथ्वी मात्र तेवढीच.

सिंगापूरचेही तसेच. सरळ अंतराने ३९ मिलिसेकंद पुरायला हवेत. पण मुंबईचे पॅकेट अनेकदा आधी जमिनीवरून चेन्नईला जाते आणि तेथून बंगालच्या उपसागरातील केबलने सिंगापूरला. २००२ साली सुरू झालेली चेन्नई-सिंगापूर केबल सुमारे ३,२०० किलोमीटर लांब आहे. तिला मुंबई-चेन्नईचे तेराशे जोडा. पंचेचाळीस मिलिसेकंद झाले. वाटेतल्या यंत्रांचा वेळ, रांगा आणि वळणे धरून प्रत्यक्षात पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान आकडा दिसतो.

घरच्या घरी तरी वाट सरळ असते का? हीसुद्धा गंमत ऐका. पूर्वी भारतातील दोन इंटरनेट कंपन्यांची जाळी देशात एकमेकांना जोडलेली नसत. एका कंपनीच्या ग्राहकाने गिरगावातून पाठविलेले पत्र दुसऱ्या कंपनीच्या दादरमधील ग्राहकाला परदेशातून फिरून मिळे. हा द्राविडी प्राणायाम थांबावा म्हणून २००३ साली 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली. तिचे एक केंद्र मुंबईत आहे. कंपन्यांनी तेथे आपापल्या तारा आणून जोडायच्या आणि देशातली वाहतूक देशातच बदलायची. पश्चिम व मध्य रेल्वेला जसे दादर, तसे इंटरनेटला हे अदलाबदल केंद्र. आता अशी आणखीही केंद्रे आहेत. तरीही तुमची कंपनी व व्ही.पी.एन.ची कंपनी कोणत्या केंद्रात एकमेकींना भेटतात, हे त्यांच्या आपसांतील व्यवहारावर ठरते. मुंबईतला सर्व्हर मुंबईतूनच लाभेल याची हमी नकाशा देत नाही.

मुळात 'मुंबई' किंवा 'भारत' असे लिहिलेला सर्व्हर भारतात असतो का? येथे २०२२ सालची हकिकत सांगायला हवी. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संगणकसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की व्ही.पी.एन. पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व इतर तपशील पाच वर्षे जपून ठेवावेत. गुप्तता हाच ज्यांचा माल, त्या काही परदेशी कंपन्यांना हे मानवले नाही. जूनमध्ये एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेत असल्याचे जाहीर केले. पण यादीतून 'भारत' सगळ्यांनीच काढले नाही. एक्सप्रेसव्हीपीएनने सांगितले, की भारताचे पत्ते धारण करणारे आमचे सर्व्हर यापुढे सिंगापूर आणि इंग्लंड येथे असतील. याला आभासी स्थान म्हणतात. इंटरनेटचा पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा जमिनीला चिकटलेला नसतो; मुंबईच्या क्रमांकाची मोटार नागपुरात धावावी तसे ते आहे. यात लबाडी नाही, कारण कंपनीने ते उघड सांगितले. पण लालबागचा विद्यार्थी 'भारत' निवडून निर्धास्त होईल आणि त्याचे पॅकेट सिंगापूरची वारी करून येईल. उलट लंडनमधील मराठी कुटुंबाला इंग्लंडमध्ये ठेवलेला 'भारत' घराशेजारी वाटेल.

अशा वेळी कोणाच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही, कारण प्रकाश खोटे बोलत नाही. व्ही.पी.एन. जोडण्यापूर्वी त्या सर्व्हरच्या पत्त्याला वीसएक वेळा पिंग करा. (काही सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत, पुष्कळ व्ही.पी.एन. यादीतच मिलिसेकंद दाखवितात, ते घ्या.) सरासरी काढू नका, सर्वांत लहान आकडा घ्या. प्रयोगशाळेत आपण सरासरी काढतो ती चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते म्हणून. येथे चूक एकाच बाजूची आहे. रांग, वळण, घरातील वाय-फाय, सगळे वेळ वाढवितात, घटवीत कोणीच नाही. सर्वांत लहान आकडा हाच सत्याच्या सर्वांत जवळचा.

त्याला शंभरने गुणा आणि तेवढ्या किलोमीटरांच्या त्रिज्येचे वर्तुळ मुंबईभोवती काढा. सर्व्हर त्या वर्तुळाच्या आत आहे. अगदी काटेकोरपणे बोलायचे तर काचेऐवजी हवेतून सरळ जाणारा प्रकाश गृहीत धरून दीडशेने गुणावे. त्या वर्तुळाबाहेर तर निसर्गनियमानेच तो असू शकत नाही. पिंग ४ आली तर सर्व्हर सिंगापुरात असणे अशक्य. हे निर्विवाद सिद्ध झाले. पण पिंग ६० आली तर? सर्व्हर सिंगापुरात आहे असे सिद्ध झाले का? नाही! तो परळमध्येही असेल आणि पॅकेट वेड्यावाकड्या वाटेने जात असेल. लवकर आलेले उत्तर जवळीक सिद्ध करते. उशिरा आलेले उत्तर काहीच सिद्ध करीत नाही, फक्त संशय निर्माण करते. विद्यार्थी येथे हमखास चुकतात, आणि विद्यार्थीच का, आम्ही शिक्षकही.

संशय मिटवायला दुसऱ्या गावचा मित्र हवा. भूकंपाचे केंद्र तीन वेधशाळांच्या वर्तुळांवरून शोधतात, तीच ही रीत. मात्र काही मोठ्या सेवांचा एकच पत्ता अनेक शहरांतील यंत्रांना दिलेला असतो. तेव्हा मुंबई, कोलकाता आणि लंडन येथील मित्रांची वर्तुळे एकमेकांना छेदतच नाहीत. तसे झाले तर तुमचे गणित चुकलेले नाही. सर्व्हर एक नसून अनेक आहेत हा शोध तुम्हाला लागला.

आता जोडणीच्या प्रकारांविषयी थोडेसे. पॅकेट पाठविण्याच्या दोन रीती आहेत. 'टी.सी.पी.' ही पोचपावती मागणारी रीत, आणि 'यू.डी.पी.' ही साध्या पोस्टकार्डासारखी. आतले पत्र बहुधा पोचपावती मागणारेच असते. बाहेरचा लिफाफाही पोचपावतीचा केला, तर एक लिफाफा हरवताच आतला व बाहेरचा दोघेही पावतीची वाट पाहतात, दोघेही पुन्हा पाठवितात आणि गाडी अडखळते. म्हणून शक्यतो यू.डी.पी. निवडावी. कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या जाळ्यात ती अडविलेली असेल तरच टी.सी.पी. काही व्ही.पी.एन. 'दुहेरी' वाट देतात: एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर. तेथे दोनाऐवजी तीन अंतरांची बेरीज होते. बातमीदाराला तिची गरज पडेल, गृहपाठाला नाही. मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती 'विभागलेली' वाट. आईचे कार्यालयीन काम तेवढे कार्यालयाच्या सर्व्हरवरून जाते आणि मुलाचा तास सरळ. लालबागच्या त्या घरात एवढे केले असते तरी पुरे होते. खेळ न्यूयॉर्कहून चालले असते आणि मुलाखत थेट पुण्याला गेली असती.

आणि व्ही.पी.एन. हवेच का, हेही विचारा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात फुकट वाय-फाय सुरू झाले, तेव्हापासून स्थानकातल्या जाळ्यावर विसंबू नये म्हणून व्ही.पी.एन. लावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात तथ्य आहे. पण आज बहुतेक संकेतस्थळे मजकूर स्वतःच कुलूपबंद करून पाठवितात. व्ही.पी.एन.मुळे इंटरनेट कंपनीच्या जागी व्ही.पी.एन.ची कंपनी बसते, आणि कोणकोठे जातो हे आता तिला दिसते. फुकट मिळणारे व्ही.पी.एन. आपला खर्च कोठून भागवीत असेल, याचा विचार चाळीतल्या कोणत्याही आजीने केला असता.

शेवटी एक उदाहरण सोडविण्यासाठी देतो. आकडे कल्पित आहेत. 'मुंबई' असे नाव दिलेल्या एका सर्व्हरला तीन मित्रांनी पिंग केले. सर्वांत लहान वेळ परळहून ६१ मिलिसेकंद, चेन्नईहून ३६ आणि सिंगापूरहून २. एक, हा सर्व्हर मुंबईत असू शकेल काय? दोन, तुमच्या उत्तरासाठी तिन्ही निरीक्षणांची गरज होती का, की एकच पुरेसे होते? ते कोणते? तीन, सिंगापूरचा मित्र भेटला नसता तर परळ व चेन्नई एवढ्यांवरून तुम्ही काय म्हणू शकला असता, आणि काय म्हणू शकला नसता? वर्तुळे वहीत न काढता भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर दोऱ्याने काढा, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनाच दिसेल.